हळदीच्या सौद्याची नोंद आणि जोडलेली टेबले: ओआरएममधून संबंधित माहिती कशी मिळवावी

सांगलीच्या बाजार समितीच्या आवारात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा एका लॉटभोवती बऱ्याच जणांची माहिती गोळा होते. माल शेतकऱ्याचा असतो आणि तो शेतकरी कोणत्या तरी गावचा असतो. माल उतरतो एखाद्या अडत दुकानात, बोलीत तो घेतो एखादा खरेदीदार, आणि पुढे हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, वाहनभाडे अशा खर्चाच्या ओळी चढतात. पट्टीच्या कागदावर हे सगळे एका नजरेत दिसते. डेटाबेसमध्ये मात्र तीच माहिती सहा-सात टेबलांत विभागलेली असते, आणि तशीच ती असायला हवी. वेब प्रोग्रामिंगमध्ये ही विभागलेली माहिती ओआरएमच्या (ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजे टेबलांतील ओळी कोडमध्ये वस्तू म्हणून वापरू देणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने पुन्हा एकत्र कशी आणावी, आणि ती आणताना डेटाबेसकडे विनाकारण शेकडो हेलपाटे कसे टाळावेत, हे येथे पायरीपायरीने मांडले आहे.

उदाहरणे पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कमधील आहेत. टेबलांची, फील्डची आणि मेथडची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष काम करताना जँगोची स्वतःची नावे, म्हणजे सिलेक्ट_रिलेटेड, प्रीफेच_रिलेटेड वगैरे, अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील. टेबलांना आणि फील्डना दिलेली आपली नावे पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात, परंतु त्याबाबत आपल्या चमूत जो संकेत ठरला असेल तोच पाळावा.

टेबले वेगळी का ठेवायची

लॉटच्या टेबलात शेतकऱ्याचे नाव आणि गाव मजकूर म्हणून लिहून टाकले तर सुरुवातीला काम झटपट होते. अडचण पुढे येते. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन वेगळी गावे आहेत. नोंद घेणाऱ्याने घाईत नुसते ‘डिग्रज’ लिहिले, तर माल कोणत्या गावचा हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. वाळवा हे गावाचे नाव आहे आणि तालुक्याचेही. म्हणून गावाची ओळख नावावर न ठेवता गावाच्या टेबलातील प्रायमरी की या क्रमांकावर ठेवावी लागते, आणि शेतकऱ्याच्या ओळीत केवळ तो क्रमांक साठवावा लागतो. त्या क्रमांकाच्या कॉलमला फॉरेन की म्हणतात. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये एका टेबलातील ओळ दुसऱ्या टेबलातील ओळीकडे निर्देश करते ती अशा साठवलेल्या मूल्याच्या आधारे. दोन टेबलांची गाठ माहिती मागताना घातली जाते. ती आधीपासून बांधून ठेवलेली नसते. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे, कारण ओआरएम आपल्यासमोर असे चित्र उभे करते की जणू सगळ्या वस्तू एकमेकींना जोडलेल्याच आहेत.

मॉडेल लिहिताना घ्यायचे निर्णय

आपल्या उदाहरणात गाव, शेतकरी, दुकान, खरेदीदार, लॉट, सौदा, खर्च आणि उचल अशी मॉडेल, म्हणजे एकेका टेबलाचे वर्णन करणारे पायथनमधील क्लास, आहेत. लॉटच्या मॉडेलमधील शेतकऱ्याचे फील्ड असे दिसेल:

शेतकरी = मॉडेल्स.फॉरेनकी("शेतकरी", ऑन_डिलीट=मॉडेल्स.प्रोटेक्ट, रिलेटेड_नेम="लॉट_नोंदी")

या एका ओळीत दोन निर्णय आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक घ्यावे लागतात. पहिला ऑन_डिलीटचा. शेतकऱ्याची ओळ कोणी पुसू पाहिली तर त्याच्या लॉटचे काय करायचे, हे तो सांगतो. जँगो २.० पासून हा निर्देश देणे सक्तीचे आहे. कास्केड लिहिले तर शेतकऱ्याबरोबर त्याचे सर्व लॉट नाहीसे होतील. हिशेबाच्या नोंदींबाबत हे कदापि होऊ देऊ नये, म्हणून येथे पुसणेच अडवणारे प्रोटेक्ट योग्य आहे. खर्चाच्या ओळींना मात्र लॉटवाचून अर्थच नाही, तेव्हा खर्चाकडून लॉटकडे जाणाऱ्या फॉरेन कीवर कास्केड चालेल.

दुसरा निर्णय रिलेटेड_नेमचा. तो न दिल्यास जँगो उलट्या दिशेसाठी, म्हणजे शेतकऱ्याकडून त्याच्या लॉटकडे जाण्यासाठी, मॉडेलच्या नावापुढे ‘_सेट’ जोडून एक नाव स्वतः तयार करते. प्रत्येक फॉरेन कीला स्वतः निवडलेले रिलेटेड_नेम द्यावे, असे माझे ठाम मत आहे. सहा महिन्यांनी दुसरा कोणी तो कोड वाचायला घेईल तेव्हा ‘शेतकरी.लॉट_नोंदी’ या शब्दांवरूनच त्याला कळते की येथे एक वस्तू नसून अनेक वस्तू मिळणार आहेत.

सौदा आणि लॉट यांचे नाते एकास एक आहे, कारण एक लॉट एकदाच विकला जातो; म्हणून सौद्याच्या मॉडेलमध्ये लॉटसाठी वन_टू_वन_फील्ड ठेवले आहे. दर, वजन आणि ठरलेली रक्कम ही सौद्याचीच फील्ड आहेत, आणि पैशांसाठी डेसिमल_फील्डच वापरावे. अपूर्णांक अंदाजे साठवणारे फ्लोट वापरल्यास पैशापैशाचा फरक पडतो आणि वर्षअखेरीस ताळा जुळत नाही. खरेदीदार आणि दुकाने यांचे नाते अनेकांस अनेक असे आहे. तेथे प्रत्येक जोडीसाठी उधारीची मर्यादा वेगळी नोंदवायची असल्याने मधले टेबल स्वतः लिहून ते ‘थ्रू’ने जोडणे इष्ट. नुसते मेनी_टू_मेनी लिहिले तर मधले टेबल जँगो आपोआप बनवते, पण त्यात दोन क्रमांकांखेरीज जोडीविषयीची कोणतीही माहिती ठेवता येत नाही.

ठिपक्यामागे काय घडते

लॉट हातात आला की त्याच्या शेतकऱ्याचे गाव असे मिळवता येते:

लॉट.शेतकरी.गाव.नाव

वाचायला हे इतके सहज आहे की माहिती जणू लॉटच्या पोटातच होती असे वाटावे. प्रत्यक्षात लॉटच्या ओळीत शेतकऱ्याचा केवळ क्रमांक असतो. पहिल्या ठिपक्यावर जँगो शेतकरी टेबलाला क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, पाठवते, दुसऱ्या ठिपक्यावर गाव टेबलाला. तिसऱ्या ठिपक्याला मात्र क्वेरी लागत नाही, कारण गावाची पूर्ण ओळ तोवर आलेली असते. एकदा आणलेला शेतकरी त्या लॉटच्या वस्तूत जपून ठेवला जातो, म्हणून त्याच वस्तूवर पुन्हा ‘लॉट.शेतकरी’ लिहिल्यास दुसरी क्वेरी जात नाही. या पद्धतीला आळशी लोडिंग म्हणतात: मागितल्याशिवाय आणायचे नाही. एकाच लॉटचे पान दाखवायचे असेल तर ती उत्तम आहे आणि तिच्यात काही बदल करण्याची गरज नाही.

शेतकऱ्याचा केवळ क्रमांक हवा असेल तर ‘लॉट.शेतकरी.आयडी’ न लिहिता ‘लॉट.शेतकरी_आयडी’ लिहावे. ठिपक्याच्या जागी अधोरेषा आली की क्वेरी वाचते, कारण तो क्रमांक लॉटच्या ओळीतच आहे.

उलट्या दिशेने जाताना ‘शेतकरी.लॉट_नोंदी’ म्हणजे तयार यादी नव्हे. तो एक मॅनेजर, म्हणजे त्या ओळी मागण्याचे द्वार, असतो; त्यावर .ऑल(), .फिल्टर() किंवा .ऑर्डर_बाय() लावल्यावर क्वेरीसेट, म्हणजे मागणीची मांडणी, मिळतो, आणि तो क्वेरीसेटही प्रत्यक्ष फिरवला जाईपर्यंत डेटाबेसकडे जात नाही. एकास एक नात्याची उलटी दिशा मात्र वेगळी वागते. ‘लॉट.सौदा’ लिहिले आणि तो लॉट अजून विकला गेलेला नसेल, तर ‘नन’ (काहीच नाही) हे मूल्य मिळत नाही. वस्तू अस्तित्वात नसल्याचे एक्सेप्शन, म्हणजे कोड थांबवणारी त्रुटी, येते. सौदा न होता शिल्लक राहिलेला माल बाजारात रोजच असतो, तेव्हा कोडमध्ये ही शक्यता धरूनच चालले पाहिजे. पायथनमध्ये ‘हॅसअ‍ॅट्र’ने तपासावे किंवा ते एक्सेप्शन पकडावे.

दोनशे लॉटचे पान

आता दिवसभराच्या सौद्यांचे पान बनवायचे आहे असे समजू. त्या दिवशी २०० लॉट विकले गेले आहेत आणि प्रत्येक ओळीत लॉट क्रमांक, शेतकरी, गाव, दुकान, खरेदीदार, दर आणि खर्चाच्या नोंदी दाखवायच्या आहेत. व्ह्यूमध्ये, म्हणजे पानासाठी माहिती गोळा करणाऱ्या कोडमध्ये, ‘लॉट.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(तारीख=आज)’ एवढेच लिहिले आणि बाकीचे ठिपके टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, टाकले, तर लॉटसाठी एक क्वेरी जाईल आणि नंतर प्रत्येक लॉटमागे शेतकरी, गाव, दुकान, सौदा, खरेदीदार आणि खर्च यांच्यासाठी सहा. एकूण १,२०१ क्वेरी. पान अचूक दिसते, चाचणीच्या चार-पाच नोंदींवर ते वेगवानही असते, आणि हंगामात आवक वाढली की पान उघडायला लागणारा वेळ लॉटच्या संख्येबरोबर वाढत जातो. यालाच एन अधिक एक समस्या म्हणतात.

येथे एक गोष्ट अनुभवी मंडळींच्याही लक्षातून निसटते. त्या २०० लॉटमागे दुकाने आठच असली तरी जँगो दुकानासाठी २०० वेळाच क्वेरी पाठवते, कारण एका लॉटने आणलेले दुकान दुसऱ्या लॉटला ठाऊक नसते. एसक्यूएलअल्केमी या पायथनमधील दुसऱ्या ओआरएममध्ये सेशनकडे (डेटाबेसशी चालू असलेल्या कामाच्या सत्राकडे) आलेल्या वस्तूंची ओळखसूची असते. त्यामुळे त्याच सेशनमध्ये हेच काम करताना दुकानासाठी आठ क्वेरींवर भागते. एका ओआरएमची सवय दुसरीकडे गृहीत धरू नये, ती यासाठी.

उपाय असा, की पान कोणती नाती वापरणार आहे हे व्ह्यूमध्येच, पहिली क्वेरी लिहिताना सांगून टाकावे:

लॉट.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(तारीख=आज).सिलेक्ट_रिलेटेड("शेतकरी__गाव", "दुकान", "सौदा__खरेदीदार").प्रीफेच_रिलेटेड("खर्च_नोंदी")

यातून १,२०१ ऐवजी दोन क्वेरी जातात. सिलेक्ट_रिलेटेड हे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील जॉइन वापरते. एकाच क्वेरीत लॉटच्या ओळीला शेतकऱ्याचे, गावाचे, दुकानाचे, सौद्याचे आणि खरेदीदाराचे कॉलम जोडून येतात. दोन अधोरेषांनी नात्यांची साखळी लिहिता येते आणि ‘शेतकरी__गाव’ लिहिले की शेतकरीही आपोआप येतो. न विकलेल्या लॉटची ओळ यामुळे गळत नाही, कारण सौद्यासाठी लेफ्ट आउटर जॉइन, म्हणजे जोडीची ओळ नसली तरी लॉटची ओळ राखणारा जॉइन, केला जातो.

सिलेक्ट_रिलेटेड मात्र जेथे पलीकडे एकच वस्तू असते तेथेच चालते, म्हणजे फॉरेन कीच्या सरळ दिशेला आणि एकास एक नात्याच्या दोन्ही दिशांना. खर्चाच्या ओळी एका लॉटमागे अनेक असतात; त्यांना जॉइनने जोडले तर लॉटची ओळच तितक्या वेळा पुन्हा येईल. म्हणून त्यासाठी प्रीफेच_रिलेटेड आहे. ते आधी लॉट आणते, त्यांचे क्रमांक गोळा करते, ‘ज्यांचा लॉट क्रमांक या यादीत आहे असे सर्व खर्च द्या’ अशी दुसरी क्वेरी पाठवते आणि जुळवाजुळव पायथनमध्ये करते. २०० लॉट असोत की २,०००, पानासाठी क्वेरींची संख्या दोनच राहते. बहुतेक डेटाबेसवर तरी हेच दिसेल.

कोणते केव्हा वापरावे याबद्दल वाद घालण्याजोगे फारसे काही नाही: पलीकडे एक असेल तर सिलेक्ट_रिलेटेड, अनेक असतील तर प्रीफेच_रिलेटेड. एकच अपवाद विचारात घ्यावा. २०० लॉटमागे आठच दुकाने असतील आणि दुकानाच्या ओळीत मोठा मजकूर साठवलेला असेल, तर जॉइनमुळे तोच मजकूर २०० वेळा तारेवरून येतो. अशा वेळी दुकानासाठीही प्रीफेच_रिलेटेड वापरावे. मग आठच ओळी येतील. सिलेक्ट_रिलेटेड कंसात काहीही न देता वापरणे मात्र टाळावे. ‘नल’ (रिकाम्या) राहू न शकणाऱ्या सर्व फॉरेन कीमागे ते धावते आणि कोणी नवे नाते जोडले की क्वेरी नकळत फुगते.

प्रीफेच केलेले वाया कसे जाते

टेम्प्लेटसाठी किंवा एपीआयच्या सीरियलायझरसाठी (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती पाठवण्याजोग्या रूपात बदलणाऱ्या कोडसाठी) ‘लॉट.खर्च_नोंदी.ऑल()’ लिहिले तर आधीच आणलेल्या ओळी वापरल्या जातात. पण कोणी तेथे ‘लॉट.खर्च_नोंदी.फिल्टर(प्रकार="हमाली")’ लिहिले की ती एक नवी, वेगळी मागणी ठरते. आणलेल्या ओळी बाजूला राहतात, प्रत्येक लॉटसाठी पुन्हा क्वेरी जाते, आणि प्रीफेचची क्वेरी वर फुकट. .ऑर्डर_बाय() लावले तरी हेच घडते.

गाळलेल्या ओळीच हव्या असतील तर गाळणी आधीच सांगावी. त्यासाठी प्रीफेच नावाची वस्तू आहे:

प्रीफेच("लॉट_नोंदी", क्वेरीसेट=लॉट.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(तारीख=आज).सिलेक्ट_रिलेटेड("सौदा"), टू_अ‍ॅट्र="आजचे_लॉट")

शेतकऱ्यांच्या क्वेरीसेटला हे प्रीफेच_रिलेटेडमधून दिले की प्रत्येक शेतकऱ्यावर ‘आजचे_लॉट’ ही साधी पायथन यादी तयार मिळते. टू_अ‍ॅट्र अवश्य द्यावे. ते न दिल्यास ‘लॉट_नोंदी.ऑल()’ या नावाखाली गाळलेल्या ओळी येऊन बसतात, आणि पुढे कोडमध्ये कोणी ते सर्व लॉट समजून वापरले तर बेरीज चुकते.

नात्यांमधून गाळणी

दोन अधोरेषांची तीच साखळी .फिल्टर()मध्येही चालते. कसबे डिग्रजच्या शेतकऱ्यांचे लॉट हवे असतील तर ‘लॉट.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(शेतकरी__गाव__नाव="कसबे डिग्रज")’ असे लिहावे. एवढ्याने जॉइन होतो, पण शेतकरी आणि गाव यांच्या वस्तू मात्र तयार होत नाहीत, पुढे ‘लॉट.शेतकरी’ लिहिणार असाल तर सिलेक्ट_रिलेटेड वेगळे द्यावेच लागते. गाळणीत नाते वापरले म्हणजे ते आणलेही गेले, हा समज फार पसरलेला आहे.

उलट्या, अनेकांच्या दिशेने गाळताना अर्थ बदलण्याचा धोका असतो. ज्या शेतकऱ्यांनी आज हळकुंड आणले ते हवे आहेत असे धरू. दोन्ही अटी एकाच .फिल्टर()मध्ये दिल्या,

शेतकरी.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(लॉट_नोंदी__प्रत="हळकुंड", लॉट_नोंदी__तारीख=आज)

तर एकाच लॉटने दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्याच अटी दोन .फिल्टर() एकापुढे एक जोडून दिल्या, तर लॉट टेबल दोनदा जोडले जाते. मग ज्याने गेल्या महिन्यात हळकुंड आणि आज फक्त गड्डा आणला असा शेतकरीही यादीत येतो. एकेरी फॉरेन कीच्या दिशेला हा फरक पडत नाही, म्हणून तो ध्यानात येण्यास उशीर लागतो. शिवाय ज्याने आज हळकुंडाचे तीन लॉट आणले तो शेतकरी यादीत तीनदा दिसेल. .डिस्टिंक्ट() लावून ते थांबवता येते, परंतु ‘असा लॉट आहे का’ एवढेच विचारायचे असेल तर एक्झिस्ट्स आणि (बाहेरच्या ओळीशी जोडणारे) आउटररेफ यांनी लिहिलेली उपक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आतली क्वेरी, अधिक नेमकी असते. तिच्यात ओळी वाढण्याचा प्रश्नच येत नाही.

बेरजांतील फसगत

या संपूर्ण विषयात सर्वांत जपून वागण्याची जागा हीच आहे, कारण येथे पान मंद होत नाही, चुकीचे होते. आणि चुकीचे आकडे शेतकऱ्याच्या हातात जातात.

शेतकऱ्याने अडत दुकानातून हंगामात उचल घेतलेली असते आणि माल विकल्यावर ती वळती केली जाते. एका शेतकऱ्याचे तीन लॉट विकले गेले: ४०,००० रुपये, ३५,००० रुपये आणि २५,००० रुपये, एकूण १,००,०००. त्याने दोनदा उचल घेतली: १०,००० आणि ५,०००, एकूण १५,०००. देणे राहिले ८५,०००. हे एका क्वेरीत मिळावे म्हणून असे लिहिले जाते:

शेतकरी.ऑब्जेक्ट्स.अ‍ॅनोटेट(विक्री=सम("लॉट_नोंदी__सौदा__रक्कम"), उचल_एकूण=सम("उचली__रक्कम"))

जँगो दोन्ही नाती एकाच क्वेरीत जोडते. तीन लॉट आणि दोन उचली यांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक लॉट दोनदा मोजला जातो आणि प्रत्येक उचल तीनदा, म्हणून विक्री २,००,००० आणि उचल ४५,००० दिसते, वजाबाकी १,५५,०००. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. ज्या शेतकऱ्याचा एकच लॉट आणि एकच उचल आहे त्याचा हिशेब बरोबरच येतो, त्यामुळे वरवरची तपासणीही पार पडते.

डिस्टिंक्ट=ट्रू हा उपाय काउंटला लागू पडतो, कारण तेथे वेगवेगळे क्रमांक मोजायचे असतात. समला तो लावू नये: शेतकऱ्याने ५,००० ची उचल दोनदा घेतली असेल तर दोन्ही रकमा सारख्या म्हणून एकच धरली जाईल. खरा उपाय म्हणजे प्रत्येक बेरीज आपापल्या टेबलावर स्वतंत्र करणे. उचल टेबलावर शेतकरी क्रमांकानुसार गट पाडून बेरजेची उपक्वेरी लिहावी, आउटररेफने ती बाहेरच्या शेतकऱ्याशी जोडावी, आणि सौद्यासाठी तशीच दुसरी लिहावी. ज्याला उपक्वेरीची ही रचना किचकट वाटते त्याने सरळ दोन वेगळ्या क्वेरी लिहून पायथनमध्ये शेतकरी क्रमांकाने जोडणी करावी. दोन क्वेरींनी काही बिघडत नाही आणि वाचणाऱ्याला हिशेब लगेच पटतो. ज्याची उचलच नाही त्याची बेरीज शून्य न येता ‘नन’ येते, त्यासाठी ‘नन’च्या जागी दिलेले मूल्य घेणारे कोअलेस वापरावे.

क्वेरी मोजण्याची सवय

विकासाच्या काळात, म्हणजे डीबग चालू असताना, जँगो पाठवलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद ‘कनेक्शन.क्वेरीज’ या यादीत ठेवते. जँगो डीबग टूलबार बसवला तर हीच यादी पानाच्या कडेला दिसते आणि सारख्या क्वेरी किती वेळा गेल्या तेही कळते. क्वेरीसेटची एसक्यूएल पाहायची असेल तर ‘क्वेरीसेट.क्वेरी’ छापून पाहावी. एसक्यूएल वाचता येत नसेल तर ओआरएम शिकण्याआधी ती शिकावी, असे मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या महाविद्यालयीन मुलांना नेहमी सांगतो. जॉइन म्हणजे काय हे न कळता सिलेक्ट_रिलेटेड पाठ करण्यात काही अर्थ नाही.

अहवालासाठी पूर्ण वस्तू न लागता दोन-तीनच कॉलम लागत असतील तर ‘.व्हॅल्यूज("क्रमांक", "शेतकरी__गाव__नाव")’ पुरेसे आहे; त्यात डिक्शनऱ्या मिळतात आणि ठिपक्यांचा प्रश्न उरत नाही. .ओन्ली() वापरताना सावध राहावे, कारण वगळलेले फील्ड पुढे कोणी वाचले की प्रत्येक ओळीमागे एक क्वेरी, म्हणजे पुन्हा तीच समस्या. पूर्ण हंगामाची यादी निर्यात करताना .इटरेटर() वापरले तर सगळ्या ओळी एकदम स्मृतीत येत नाहीत, जँगो ४.१ पासून त्याच्यासोबत प्रीफेच_रिलेटेडही चालते, मात्र चंक_साइज, म्हणजे एका वेळी किती ओळी आणायच्या तो आकडा, द्यावा लागतो.

इतर ओआरएममध्ये

नावे बदलतात, विचार तोच राहतो. एसक्यूएलअल्केमीमध्ये जॉइन्डलोड हे सिलेक्ट_रिलेटेडच्या जागी आणि सिलेक्टइनलोड हे प्रीफेच_रिलेटेडच्या जागी येते. लॅराव्हेलच्या एलोक्वंटमध्ये विथ(), रूबी ऑन रेल्सच्या अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डमध्ये इन्क्लूड्स. जावातील जेपीएमध्ये मेनी_टू_वन नाते न सांगता लगेच आणले जाते आणि वन_टू_मेनी मागितल्यावर, म्हणून तेथे बहुतेक जण पहिल्यालाही लेझी करून हवे तेथे जॉइन फेच लिहितात. यांपैकी काही ओआरएममध्ये न सांगता होणारे लोडिंग बंदच करता येते: एसक्यूएलअल्केमीत रेझलोड, रेल्समध्ये ६.१ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट लोडिंग, आणि लॅराव्हेलमध्ये प्रिव्हेंट लेझी लोडिंग. नवा प्रकल्प असेल तर विकासाच्या यंत्रावर ते पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे.

जँगोमध्ये चाचणीसाठी, क्वेरींची संख्या तपासणारी असर्टनमक्वेरीज आहे आणि महत्त्वाच्या प्रत्येक पानासाठी ती लिहावी. तीन लॉट भरून पान उघडावे, क्वेरी मोजाव्यात. मग तीस लॉट भरून तेच करावे, आणि दोन्ही वेळा संख्या तीच येते याची खात्री चाचणीतच नोंदवावी. चाचणीच्या नोंदींत बहुतेक लॉटचे शेतकरी वेगवेगळे ठेवावेत, काही लॉट न विकलेले ठेवावेत, आणि किमान एका शेतकऱ्याला दोन उचली व तीन लॉट द्यावेत, म्हणजे वर सांगितलेली बेरजेची चूक कोणी पुन्हा केली तर ८५,००० च्या जागी १,५५,००० येऊन चाचणी तेथेच थांबेल.